चिचखेडच्या ऐंशी मांजरी

"टोपल्यात काय हाये?"

कौशल्या दारात आडवी उभी होती आणि सूर्यभान उंबऱ्याबाहेर. सकाळच्या गाडीने अकोल्याहून निघालेला, अमरावतीला उतरून वलगावपर्यंत कुणाच्या तरी बंडीत बसून आणि पुढचा दीड कोस पायी तुडवून आलेला नवरा दारात उभा असताना बायकोने आधी पाण्याचं विचारावं, एवढीच त्याची अपेक्षा होती.

"पाहुनी आनली," तो म्हणाला.

"फडकं काढा."

"आत तर येऊ दे."

"आधी फडकं."

सूर्यभानने टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं. आत मांजर होतं, पण ते मांजर आहे याला दोन कान आणि एक शेपूट एवढाच काय तो पुरावा होता. मानेवरचे केस गेलेले, कानांच्या कडांवर पांढरट खपल्या, पाठीची गुलाबी कातडी जागोजागी उघडी पडलेली. तिने कौशल्येकडे एकदा पाहिलं, मागचा पाय उचलला आणि कान असा काही खाजवला की अख्खं टोपलं हललं.

"हिले लूत हाये," कौशल्या म्हणाली.

"लूत कायची? शहरातली हाये ते. जठारपेठेतल्या मांजरी अशाच रायतात, कमी केसायच्या."

"हे तुमाले नत्थुजीनं सांगतलं ना?"

नत्थुजी म्हणजे सूर्यभानचा साडू. जठारपेठेत त्याचं किराण्याचं दुकान होतं. केस थंडीने झडलेत, उन्हाळा लागला की येतील, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं आणि टोपलं स्वतः उचलून स्टेशनापर्यंत आणून दिलं होतं. नत्थुजी एखाद्या पाहुण्याला पोचवायला स्टेशनावर आला असं त्याच्या हयातीत पहिल्यांदाच घडत होतं. सूर्यभानला तिथेच शंका यायला हवी होती, पण त्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा पागोटं नाचत होतं.

त्या पागोट्याची गोष्ट अशी. दोन वर्षांमागे प्लेग आला, तेव्हा सगळं चिचखेड घरं सोडून तीन महिने शेतातल्या झोपड्यांत जाऊन बसलं होतं. त्यानंतर सरकारला दोन शोध लागले. एक, प्लेग उंदरांमुळे होतो. दोन, मांजर उंदीर खातं. यातला दुसरा शोध गावातल्या कोणत्याही म्हातारीने सरकारला बसल्या जागी सांगितला असता, पण सरकारने तो छापून पाठवला तेव्हा कुठे तो खरा झाला. प्रत्येक घरी दोन मांजरी असाव्यात, असा हुकूम निघाला. पुढे अमरावतीला मांजरांचं प्रदर्शन भरणार होतं आणि सगळ्यांत उत्तम मांजराच्या मालकाला डॉक्टर साहेब स्वतःच्या हाताने जरीचं पागोटं बांधणार होता. गाव त्या डॉक्टरला प्लेगसाहेब म्हणत असे. अट एवढीच, की मालकाच्या घरी दोन मांजरी पाहिजेत.

सूर्यभानच्या घरी एकच होती, पण ती कपाशी होती. पहिल्या वेचणीच्या कापसासारखी पांढरी, हिरव्या डोळ्यांची, अंगाने भरलेली. चार वर्षांमागे कौशल्येने तिला गोठ्यातून ओंजळीत उचलून आणलं होतं आणि तेव्हापासून दुधाची पहिली वाटी तिची होती. त्या घराला लेकरू नव्हतं. कपाशी कुणाची कोण, हे कौशल्येला विचारायची हिंमत गावात कुणी करत नसे.

सूर्यभानला ते पागोटं हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं. तो जातीचा माळी, त्याच्या वांग्यांसारखी वांगी अख्ख्या तालुक्यात पिकत नसत. पण गावात तहसीलदार आला की वांग्यांची टोपली खुशालराव पाटलाच्या हातून जायची आणि तहसीलदार पाटलाला म्हणायचा, "वा, काय वांगी आहेत तुमची!" पोळ्याच्या तोरणाखाली पहिली जोडी पाटलाची, होळीला पहिला नारळ पाटलाचा. चाळीस वर्षांच्या आयुष्यात सूर्यभानच्या वाट्याला पहिलं म्हणून काही आलंच नव्हतं.

"ठेवा," कौशल्या अखेर म्हणाली. "पन घरात नाई. गोठ्याच्या पल्याड, कडब्याच्या खोपटात. तिची वाटी येगळी, तिचं पोतं येगळं. तिच्यापाशी जाल तर निंबाच्या पाल्याच्या पान्यानं हात धुतल्याबिगर घरात पाय ठेवाचा नाई. आन माह्या कपाशीले काई झालं, तर मी तिले घेऊन नांदगाव पेठेले माह्या मायच्या घरी जाईन. मंग बांधा पागोटं आन बसा एकटे."

तिचं बोलणं म्हणजे बोलणंच असे. सूर्यभानने निमूटपणे टोपलं खोपटात नेलं. परगावाहून आलेल्या सुनेला तिच्या गावाच्या नावाने हाक मारायची गावाची रीत, म्हणून पाहुणीचं नाव आपोआप अकोलेवाली पडलं.

तिसऱ्या दिवशी खुशालराव पाटील स्वतः सूर्यभानच्या दारी आला. पाटील आपल्या पायांनी माळ्याच्या दारी येतो तेव्हा त्याला काहीतरी न्यायचं असतं, हे सूर्यभानला ठाऊक होतं. पण या खेपेला वांगी न्यायला गावात तहसीलदार आलेला नव्हता.

"सूर्यभान, तुह्याकडं दोन मांजरी हायेत म्हनतात."

"हायेत जी."

"मले दे. येका दिवसापुरत्या."

"कावून जी?"

पाटलाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तहसिलीतून कागद आल्ता. गावात मांजरी किती? मी लिवून देल्लं, चाळीस घरं, ऐंशी मांजरी."

"ऐंशी?"

"आता दर घरी दोन पाह्यजे म्हने सरकार, तं मी कमी कावून लिवू? मी कधी सरकारले कमी लिवलं नाई."

"मंग?"

"मंग काय! सायब खूश झाला ना बाप्पा. ऐंशी मांजरीचं गाव आपल्या डोयानं पाह्यतो म्हने. शनवारी येऊन राहिला."

चिचखेडमध्ये मोजून सात मांजरी होत्या. त्यातल्या दोन सूर्यभानच्या आणि पाच कुणाच्याच नव्हत्या. पाटलाने डोकं लावून एक तोड काढली होती. साहेब आणि कारकून रस्त्याने पुढच्या दारांतून हिंडतील. एका घरची मोजणी झाली की तिथली मांजर मागच्या दाराने पुढच्या घरी जाईल. शेवटच्या घरापर्यंत सातच मांजरी चाळीस घरं राखतील.

"आन खोटं निघालं तं?" सूर्यभानने विचारलं.

"तं माही पाटिलकी जाईन. आन गाव पुन्हा झोपड्यात नेऊन बसवतीन, ऐन वेचणीच्या दिवसात. तुले पाह्यजे का?"

ते कुणालाच नको होतं. सूर्यभान घुटमळला. "मी देतो जी. पन कपाशीचं नाव अमरावतीले गेलं पाह्यजे."

"गेलंच समज. पाटलाचा शबूद हाये."

"कपाशी या उंबऱ्याच्या भाईर जानार नाई," दाराआडून कौशल्येचा आवाज आला. "ते दुसरी न्या. पन भाऊजी, आयकून घ्या, तिले लूत हाये."

"लूत असो का भूत असो," पाटील उठत म्हणाला, "मांजर हाये ना? सरकारनं केस मोजाले नाई सांगतलं."

शनिवारी सकाळी साहेबाचा टांगा आला. कोतवालाने आदल्या दिवसापासून पाच बेवारशी मांजरी पोत्यात धरून ठेवल्या होत्या. पाटलाच्या मागच्या अंगणात त्याने पोत्याचं तोंड सोडलं. तीन मांजरी कौलांवर गेल्या आणि दोन वलगावच्या दिशेने गेल्या त्या आजवर परतलेल्या नाहीत. उरली एक अकोलेवाली. ती आजारी, तिला जिथे ठेवावं तिथे ती बसे. तिच्या या एका गुणावर चिचखेडची इभ्रत टांगलेली होती.

पाटलाच्या घरी सगळं सुरळीत झालं. "एक ही," पाटील म्हणाला, "आन दुसरी कामावर गेली." साहेबाने मान डोलावली. पुण्याहून बदलून आलेला कारकून फॉर्मातले रकाने भरू लागला. रंग: राखी. स्वभाव: शांत. साहेबाच्या हातात चामड्याचे मोजे होते. कारकुनाच्या हातात फक्त फॉर्म होता आणि मांजर धरायची वेळ आली की तोही काखेत जायचा.

दुसऱ्या घरी कारकून थबकला. "अहो, ही मघाचीच वाटते."

"मघाचीची बहीन हाये जी," घरमालक म्हणाला.

ही बातमी मागच्या दारांनी मांजरीच्याही आधी पुढे पोचली आणि बायकांनी कामाला हात घातला. तिसऱ्या घरी गंगूबाईने करंजीच्या तेलात हळद कालवून अकोलेवालीला नखशिखांत पिवळी केली. चौथ्या घरी रिठ्याच्या पाण्याने तिला धुऊन तेलात खललेली चुलीवरची काजळी फासली. पाचव्या घरी पुन्हा रिठा आणि मग गेरू. सहाव्या घरच्याला काही सुचेना, त्याने बैलाच्या खरजेसाठी ठेवलेलं गंधक तेलात घालून चोळलं. पुढे कुणी बंडीच्या चाकाचं वंगण लावलं, कुणी राख, कुणी पुन्हा हळद. प्रत्येक घरी बाईने तिला मांडीवर घेऊन रगडलं, बाप्याने छातीशी धरून साहेबाला दाखवलं आणि कारकुनाने शेपूट धरून लांबी मोजली. एकोणचाळीस घरांत एकोणचाळीस रंग झाले, पण स्वभावाच्या रकान्यात एकोणचाळीस वेळा 'शांत' लिहिलं गेलं. प्रत्येक घरची दुसरी मांजर कामावर गेलेली होती. इतक्या कामसू मांजरी साहेबाने साऱ्या मुलखात पाहिल्या नव्हत्या.

सूर्यभानचं घर गावाच्या टोकाला, चाळिसावं. अकोलेवाली मागच्या बाजूने आली ती सरळ खोपटात गेली, कारण तिला घरात घ्यायचा प्रश्नच नव्हता. कपाशी मात्र खिडकीत उन्हात बसली होती. साहेब तिला पाहून जागीच उभा राहिला, काहीतरी पुटपुटला आणि हात पुढे करून दोन पावलं चालला.

"थांबा म्हना त्याले," कौशल्या पदर सावरत आडवी झाली. "साऱ्या गावचं खरकटं लागलं त्या हाताले. निंबाच्या पान्यानं धुतल्याबिगर माह्या कपाशीले कोनी हात लावाचा नाई. सायब असन तं त्याच्या घरचा."

साहेबाने कारकुनाकडे पाहिलं. कारकून इंग्रजीत एक छोटंसं वाक्य बोलला. साहेब हसला, मागे सरला आणि त्याने आपल्या खिशातल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं.

"काय सांगतलं तुमी?" सूर्यभानने हळूच विचारलं.

"मी म्हटलं, बाई लाजतात," कारकून म्हणाला. मग खोपटाकडे वळून त्याने अकोलेवालीकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या अंगावर हळद, काजळी, गेरू, राख आणि वंगण एकमेकांत मिसळलं होतं. "हिचा रंग काय लिहू?"

"लिवा जी," सूर्यभान म्हणाला, "सारेच."

आठ दिवस गावाने साहेबाला कसं बनवलं याच्या गप्पा मारल्या. नवव्या दिवशी गंगूबाईला मनगटावर खाज सुटली. दहाव्या दिवशी तिच्या नवऱ्याला. अकराव्या दिवशी पारावर बसलेली माणसं बोलता बोलता एकमेकांच्या पाठीकडे वळून बसू लागली, कारण स्वतःचा हात तिथवर पोचत नव्हता. देवळात भजनाला टाळ धरायला माणूस मिळेना, सगळ्यांचे हात गुंतलेले. पाटलाला तर खरूज अशा जागी झाली होती, की चारचौघांत बसायचीच चोरी झाली.

"तुह्या अकोलेवालीनं गाव नासवलं!" पाटील सूर्यभानच्या अंगणात येऊन ओरडला. त्याचा एक हात बोलत होता आणि दुसरा काखेत होता.

"मी सांगतलं होतं भाऊजी," दाराआडून आवाज आला. "तुमी म्हनलं, लूत असो का भूत असो."

त्याच वेळी कोतवाल कागद घेऊन धावत आला. प्रदर्शनाला कोणत्या घरची मांजर न्यायची ते ठरवायला साहेब बुधवारी पुन्हा येत होता. पाटील ओट्यावर बसून हिशेब करू लागला. साहेब डॉक्टर. खरूज पाहिली की विचारील. विचारलं की एका मांजरीचं नाव निघेल, आणि एक निघाली की बाकीच्या एकोणऐंशी कुठे गेल्या हेही निघेल. त्याने त्याच दिवशी दवंडी पिटवली. साहेब गावात असेपर्यंत कुणीही खाजवायचं नाही.

बुधवारी चावडीपुढे घरटी एक माणूस हात बांधून रांगेत उभा राहिला. सूर्यभानला खाज नव्हती, पण नियम तो नियम, म्हणून तोही हात बांधून उभा. साहेब खुर्चीवर बसला. कुणी दात आवळले, कुणी पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाची पोटरी घासली, एकाच्या डोळ्यांतून टिपं गळू लागली. साहेबाला वाटलं, काय शिस्तीचं गाव आहे! कारकून मात्र त्याच्यामागे उभा राहून खांबाला पाठ घासत होता. पाटील स्वागताचं बोलायला उठला, "मायबाप सरकार" एवढं म्हणाला, आणि त्याचे दोन्ही हात आपण होऊन धोतरात गेले.

मग काही राहिलंच नाही. सबंध रांग खाजवू लागली.

साहेब उठला. त्याने पाटलाचा हात ओढून बाहेर काढला, खिशातून भिंग काढलं आणि पाहिलं. मग दुसऱ्याचा हात पाहिला, तिसऱ्याचा पाहिला. मग वळून कारकुनाच्या बाह्या वर केल्या. पाटलाने डोळे मिटून घेतले. साहेब पाच मिनिटं इंग्रजीत बोलला आणि कारकुनाने खाजवत खाजवत त्याचा अर्थ सांगितला.

"साहेब म्हणतात, त्यांनी पुष्कळ गावं पाहिली. तिथे लोक कागदावर मांजरी पाळतात. ही खरूज मांजरीपासून येते आणि मांजर कुशीत घेतल्याशिवाय येत नाही. ती या गावात घरोघरी आहे. चिचखेडच्या लोकांनी सरकारचा हुकूम नुसता पाळला नाही, छातीशी धरला. यापेक्षा मोठा पुरावा सरकारला नको."

पाटलाने सगळ्यांच्या वतीने हात जोडले आणि लगेच सोडवून घेतले.

"आता साहेब घरोघर जाऊन पाहतील," कारकून पुढे म्हणाला. "ज्या घरी मांजरीवरची माया जास्त दिसेल, त्या घरची मांजर अमरावतीला जाईल."

माया कशाने मोजणार, हे सूर्यभानला पाटलाच्या घरी कळलं. साहेबाने घरातल्या माणसांचे हात भिंगातून पाहिले, खरजेचे फोड मोजले आणि वहीत आकडा मांडला. चाळीस घरांत खरूज नसलेलं घर एकच होतं, आणि ते त्याचं.

तो मागच्या बाजूने घरी पळत सुटला तो थेट खोपटात. आजवर ज्या मांजरीला त्याने काठीनेही शिवलं नव्हतं, तिला त्याने उचललं आणि दोन्ही हातांवर, मानेवर, गालांवर घासलं. अकोलेवाली घुरघुरू लागली. तेव्हा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. कानांवरच्या खपल्या गेल्या होत्या. उघड्या कातडीवर मऊ, दाट, राखी लव आली होती. करंजीचं तेल, हळद, गंधक, रिठ्याच्या अंघोळी. एकोणचाळीस घरांनी तिला लपवता लपवता ठणठणीत बरी करून टाकली होती. आता तिच्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं.

सूर्यभानला रडू यायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात त्याला गंगूबाईने कौशल्येकडे उकळायला म्हणून आणून कुंपणावर टाकलेली गोधडी दिसली. गावातल्या बायकांत सगळ्यांत जास्त खरूज गंगूबाईलाच होती. कपाशीला त्या गोधडीत एकदा घोळसून घेतलं, की काम झालं. खरूज उठायला आठ दिवस लागतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने खिडकीतून कपाशीला उचललं आणि कुंपणाकडे निघाला. कपाशीने विश्वासाने त्याच्या हनुवटीखाली डोकं खुपसलं.

"कुठी नेऊन राहिले तिले?"

कौशल्या मागे उभी होती. तिने गोधडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"कुठीच नाई," तो म्हणाला.

"मंग ठेवा खाली."

त्याने कपाशीला खिडकीत ठेवलं आणि निंबाच्या पाण्याने हात धुतले. साहेब दारात आला तेव्हा सूर्यभान शेवटचा उपाय म्हणून मोठमोठ्याने अंग खाजवू लागला. साहेबाने भिंग काढलं. उजवा हात पाहिला, डावा पाहिला, मान पाहिली. कातडी काकडीसारखी साफ. त्याने खिशातली ती छोटी वही उघडली, मागच्या खेपेचं, 'बाई मांजरीला लाजतात' हे टिपण वाचलं आणि मान हलवली.

"साहेब विचारतात," कारकून म्हणाला, "तुम्ही आपल्या मांजरीला जवळ घेत नाही का?"

सूर्यभानने तोंड उघडलं. सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. या गावात मांजर खरोखर पाळणारं घर हे एकच आहे, बाकी एकोणचाळीस घरांत माझीच लुतवाली हिंडली, असं एकदा बोललं की पागोटं त्याचं होतं. साहेबाच्या पाठीमागे पाटील उभा होता. त्याने हात जोडले होते, आणि खाज सुटली असूनही ते जोडलेलेच ठेवले होते. त्याच्या मागे गंगूबाई होती, तिचा नवरा होता, कापसाने पांढरी झालेली शेतं होती आणि दोन वर्षांपूर्वीच्या झोपड्या होत्या.

"नाई घेत जी," सूर्यभान म्हणाला.

त्याच क्षणी कपाशीने खिडकीतून उडी मारली ती त्याच्या खांद्यावर आणि गालाला गाल लावून बसली. साहेब तेव्हा वहीत लिहीत होता, त्याने पाहिलं नाही. कारकुनाने पाहिलं, पण ते लिहायला फॉर्मात रकाना नव्हता.

खरजेत पाटलाचं घर पहिलं आलं. पाटलाच्या घरी मांजर नव्हती, म्हणून अकोलेवालीला टोपल्यात घालून पाटीलच अमरावतीला घेऊन गेला. तिची नवी राखी लव उन्हात रेशमासारखी चमकत होती आणि स्वभाव तर सरकारदरबारी नोंदलेलाच होता. ती पहिली आली. साहेबाने पाटलाच्या डोक्याला जरीचं पागोटं बांधलं आणि पाटील ते मिरवत वलगावच्या बाजारातून मुद्दाम दोनदा फिरून घरी आला. मांजर सूर्यभानची, पागोटं पाटलाचं. दोन दिवस सूर्यभान नीट जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी पाटील अंगणात आला. एका हातात अकोलेवालीचं टोपलं, डोक्यावर पागोटं, आणि पागोट्याच्या आत खुपसलेली दोन बोटं.

"वहिनी," तो केविलवाण्या आवाजात म्हणाला, "डोस्क्यात गेली व खरूज."

एव्हाना अर्धं गाव कौशल्येच्या दवेने बरं झालं होतं. ज्या औषधांनी मांजर बरी झाली तीच तिने माणसांना लावली होती, आणि अंगाला लागलेलं प्रत्येक कापड ती निंबाच्या पाल्यात उकळायला लावत असे. अंगणात चुलाण्यावर मोठी हंडी खदखदत होती.

"पागोटं काढा आन इकडं द्या," ती म्हणाली.

"हे? हे सायबाच्या हातचं हाये."

"खरजीले काय समजते हात कोनाचा ते? अंगाले लागलं ते उकयलं पाह्यजे. नाई तं खाजवा जनमभर."

पाटलाने पागोट्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि पागोटं दिलं. हंडी ढवळायला सूर्यभान आपण होऊन पुढे झाला. गावाने त्याला इतकं मन लावून काम करताना वांग्यांच्या मळ्यातसुद्धा पाहिलं नव्हतं. तासाभराने काठीवर उचलून काढलं तेव्हा पागोट्याचा लाल रंग हंडीत उतरला होता, जरीची तार काळी पडली होती आणि कापड निंबाच्या पाल्यासारखं हिरवट झालं होतं. पाटलाने ते पाहिलं, डोक्याला करंजीचं तेल चोळून घेतलं आणि बोडक्या डोक्याने निघून गेला.

संध्याकाळपर्यंत पागोटं कुंपणावर वाळलं. कौशल्येने ते घडी न घालता पडवीच्या कोपऱ्यात टाकलं. कपाशी आली, तिने ते हुंगलं, त्यावर तीन फेऱ्या मारल्या आणि मधोमध अंगाची गुंडाळी करून झोपली.

"उठव तिले," सूर्यभान म्हणाला. "जरीचं हाये ते."

"कावून उठवू? तिचंच होतं, तिले भेटलं."

सूर्यभान हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. उंबऱ्याबाहेर अकोलेवाली बसून आत पाहत होती. कौशल्या उठली, तिने तिचे दोन्ही कान उलटून पाहिले, मानेवरची लव फुंकर मारून पाहिली, शेपटीखाली पाहिलं आणि दारातून बाजूला झाली.

"ये," ती म्हणाली.

अकोलेवाली आत आली आणि पागोट्याच्या रिकाम्या काठावर जपून बसली. कपाशीने एक डोळा उघडला, थोडी सरकली आणि पुन्हा झोपली. चिचखेडमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा एका घरात खरोखरच्या दोन मांजरी झाल्या. लिहून घ्यायला मात्र कुणी कारकून नव्हता.